मदत हवी आहे : बाबांना फ्लूची लस आता द्यावी का?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे सोयाबीन सोंगून झालं, कापसाचा पहिला वेचा सुरू आहे, परवा सीतादही (वेच्याच्या सुरुवातीची शेतातली पूजा) पण झाली. सकाळी धुऱ्यावर गेलं की पायाला दव लागते, सीताफळं पिकायला टोपल्यात ठेवली आहेत आणि पोट्टे दर तासाला जाऊन दाबून पाहतात, पिकतीन कशी बाप्पा! कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं, मजा आली, पण बाबा रात्री दोनपर्यंत उघड्यावर बसले न् दुसऱ्या दिवशीपासून खोकला.

आता प्रश्न असा की बाबा ७१ चे, शुगर आहे, थ्रेशरच्या धुळीनं दम पण लागतो. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले फ्लूची लस दरवर्षी घ्या, व्हायरस बदलतो म्हणून लस पण बदलते, न् असर यायला दोन आठवडे लागतात. बाबा म्हणतात सुई टोचली की तापच येतो, काउन घेऊ? मी वाचलं की इंजेक्शनमध्ये जिवंत व्हायरस नसतो, हात दुखतो किंवा एखादा दिवस कणकण येते तेवढंच, पण ते माझं ऐकतीन तर ना.

कोणी घरच्या म्हाताऱ्यांना दिली का? खोकला पूर्ण जाऊ द्यावा की आत्ताच टोचून घ्यावी? न् आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात पण असतो न् जानेवारी-मार्चमध्ये पण, मग दिवाळीआधी घेतलेली बरी ना? खर्च किती आला तेही सांगा, वेच्याची मजुरी द्यायची आहे अजून.