मदत हवी आहे : एसएसीडी संगणकावर कशी उतरवू?

नमस्कार मंडळी, मी बेळगाव, टिळकवाडीतून. काकांच्या दहा-बारा एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे जास्त चांगल्या आवाजाच्या गाण्यांच्या डिस्क) आहेत. संगणकाच्या ड्राइव्हला त्यातला फक्त साधा सीडीचा थर दिसतो, चांगल्या आवाजाचा, २.८२२४ मेगाहर्ट्झचा डीएसडी थर वाचताच येत नाही. म्हणून तो थर वाचू शकणारा जुना ब्लू-रे प्लेअर आणला. (घरचे म्हणतात, भंगार आणलंस!) पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यात ऑटोस्क्रिप्ट फोल्डर (प्लेअरमधली डिस्क लॅपटॉपला वाचू देणारी स्क्रिप्ट) टाकला आणि प्लेअरला लावला. ट्रे आपोआप बाहेर येतो, म्हणजे स्क्रिप्ट चालते बहुतेक. पण लॅपटॉपवरून प्लेअरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला की कनेक्शनच होत नाही. दोन्ही एकाच राउटरवर आहेत, केबलनेच. फायरवॉलही बंद करून बघितली.

काय चुकतंय? निपाणी-खानापूरकडे कुणाकडे ओप्पो १०३ (याच कामाला चालणारा ब्लू-रे प्लेअर) आहे का? डिस्क घेऊन मीच येतो. आणि उतरवल्यावर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) ठेवू की डीएसएफ (दर गाण्याची वेगळी फाइल)? टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे) तर डीएसएफमध्येच नीट बसतात.