वृद्धाश्रमाला नर्स कशाला म्हणे!

कडूकारले: काल इथे कोणीतरी ज्ञान पाजळलं की "वृद्धाश्रमाला नर्सबिर्स कशाला, प्रेमळ मावश्या पुरतात, उगाच फी वाढते". डोकंच सणकलं. माझ्या सासूबाई होत्या तिथल्या मावश्या प्रेमळच होत्या हो, पण सगळ्यांच्या गोळ्या एका ट्रेमध्ये वाट्यांत, वाटीला नावाची चिकटपट्टी, ती निघाली की अंदाजपंचे. सासूबाईंची आमवाताची मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची, ती दिली रोज! तोंडात फोड, रक्तातल्या पेशी घसरल्या, थेट आयसीयू. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, वाचणार कोण?

आश्रमवाला: तो ज्ञानी मीच. तळेगावकडे आश्रम आहे माझा, 22 जण, त्यातले 6 अंथरुणावर, रात्रीला एक मावशी. 3 वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, शिकलेली मुलगी हॉस्पिटल सोडून माझ्याकडे का येईल? आली तरी लगेच गल्फचा फॉर्म भरते. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांची "ट्रेन्ड" म्हणजे बीपीचं मशीन लावता येतं एवढंच. आणि फी वाढवतो म्हटलं की अमेरिकेतली मुलं फोन उचलत नाहीत.

जर्सीसिटीकर: आलीच गाडी अमेरिकेवर. एक महिना फी थकवली नाही मी. बाबांच्या गोळ्यांचा फोटो मागितला तर आश्रमाच्या ग्रुपमधून काढून टाकलं.

कोथरूडची_सून: फोटो मागून मुलगा होता येत नाही! सासऱ्यांचं डायपर मी बदलते आणि मोठे दीर डॅलसहून सूचना देतात.

जर्सीसिटीकर: तुमच्या दिरांचा राग माझ्यावर का? माझा सख्खा भाऊ औंधात राहतो, दिवाळीला सुद्धा फिरकला नाही.

कायदेपंडित: 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचा. आईबापांना टाकून दिलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड.

कोथरूडची_सून: 5 हजार? भरून मोकळे होतील की!

रिटायर्ड_सिस्टर: झालं भांडून? सरकारी वॉर्डात जन्म गेला माझा. सातवी शिकलेल्या मावशीलाही शिकवता येतं, पण बसून शिकवावं लागतं. नाव बघ, गोळी बघ, डोस, वेळ, गिळली का बघ, मग सही. सकाळीच दिवसभराच्या सह्या ठोकायच्या नाहीत. थायरॉईडची उपाशीपोटी. एसआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटून द्यायची नाही. इन्सुलिन टोचून जेवण तासभर लांबवलं की शुगर उतरते आणि तुम्ही म्हणता आजी झोपल्यात. आणि आश्रमवाले, रात्री ओरडणाऱ्या आजोबांना झोपेची गोळी कोणाला विचारून देता? अर्धवट झोपेत बाथरूमला उठतात, पडतात, खुबा मोडतो.

आश्रमवाला: एका मावशीने 22 जण रात्रभर सांभाळून दाखवा, मग बोला.

रिटायर्ड_सिस्टर: 40 पेशंटला एकटी असायचे मी. तरी देत नव्हते कोणाला गुंगीची गोळी.

आश्रमवाला: बरं बाई, तुम्ही थोर. मेथोट्रेक्सेट उद्यापासून माझ्या कपाटात, कुलपात, सोमवारी मीच देईन. नर्सही ठेवतो अर्धवेळ, पगार जर्सीसिटीकर देतील.

जर्सीसिटीकर: देतो. सह्यांचा तक्ता दर रविवारी पाठवायचा.

कडूकारले: आणि फोटो मागितला तर ग्रुपमधून काढायचं नाही.