मदत हवी आहे: गेममधलं बाबांचं बोन्साय माझ्यामुळे वाळलं, जुना सेव्ह परत मिळेल का?

मंडळी, हसाल, पण घरात दोन दिवस वातावरण तंग आहे म्हणून विचारतोय.

आम्ही नाशिकरोडला राहतो, बाबा प्रेसमधून रिटायर झालेत. गच्चीवर त्यांचं खरं वडाचं बोन्साय आहे, माझ्या दहावीच्या वर्षी लावलेलं. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जिना बंद, मग वेळ जावा म्हणून मी त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर एक बोन्सायचा गेम टाकून दिला. नाव इथे लिहीत नाही, छोट्या टीमचा आहे, उगाच बदनामी नको, हवं तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो. स्कोअर नाही, मारामारी नाही, एक रोप, कात्री, तार आणि झारी. बाकी सगळं २००० सालच्या नेटसारखं, सुरू होताना मोडेमची ती किर्रर्र, राखाडी खिडक्या, झाडाचं स्वतःचं होमपेज आणि खाली व्हिजिटर काउंटर. मला तर कॉलेज रोडचा सायबर कॅफेच आठवला, आणि जिओसिटीजवर बनवलेलं माझं चमचमत्या चांदण्यांचं पान, जे २००९ ला जिओसिटीज बंद झालं तेव्हा गेलंच, कॉपी ठेवायची अक्कल कुणाला होती.

बाबा आधी म्हणाले, "वर खऱ्याला पाणी घालायला माणूस नाही आणि हा मला खोटं झाड देतोय." नंतर सकाळच्या चहाबरोबर तेच. डाव्या फांदीला तार गुंडाळताना माऊस दोन्ही हातांनी धरायचे. "एकदम वाकवायची नसते रे, रोज थोडी थोडी." तीन आठवड्यांनी तार काढली पण, नाहीतर सालीत रुतते म्हणे. गेममध्ये रुतते का, देव जाणे.

आता घोळ. झाड कॉम्प्युटरच्या घड्याळावर वाढतं. रविवारी लाईट गेली, आली तेव्हा पीसीवर तारीख १ जानेवारी २००९. बाबांनी तसाच गेम उघडला, पाणी घातलं, बंद केला. संध्याकाळी मला प्रत्येक साईटवर सर्टिफिकेटची एरर यायला लागली म्हणून मी शहाण्यासारखी तारीख दुरुस्त केली. सोमवारी गेम उघडला तर झाडाला तेव्हापासून पाणीच नाही असा हिशोब झालेला, नुसती काडी उभी. तारीख मागे नेऊन पाहिली, काही फरक नाही. जुना सेव्ह कुठे मिळेल का? विंडोज १० आहे.

प्रतिसाद १:
मदरबोर्डचा सेल गेलाय, सीआर २०३२, नाण्यासारखा असतो, तो बदला नाहीतर दर वेळी लाईट गेली की हेच. तारीख मागे नेऊन उपयोग नाही कारण झाड मेल्याचं फाईलमध्ये लिहिलं गेलंय, जुनी फाईलच हवी. गेम युनिटीवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनवलेला असेल तर बहुतेक ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमधल्या लोकललो मध्ये गेमचा फोल्डर असेल, हिडन फाईल्स दिसतील असं सेटिंग आधी करा. फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. विंडोजचं सिस्टीम प्रोटेक्शन किंवा फाईल हिस्टरी (जुन्या प्रती ठेवायची सोय) आधीपासून चालू असेल तरच तिथे काही दिसेल. आणि मुख्य म्हणजे तोवर गेम अजिबात उघडू नका, आधी आहे तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा.

धागाकर्ता:
खूप आभार, पण उशिरा वाचलं. बाबांनी सकाळीच उघडून त्या काडीला पाणी घातलंय, आणि म्हणतात "वडाचं काही सांगता येत नाही, फुटतो." गेममधलं झाड वड नाहीये हे मी बोललो नाही. लोकललो मध्ये फोल्डर सापडलाय, कॉपी केला. आता सेल आणायला एमजी रोडला निघतोय, प्रीव्हियस व्हर्जन्सचं आल्यावर बघून सांगतो.