हॉप्सचा सुगंध हवा, कडूपणा आवरायचा कसा?

प्रश्न : पोर्टलंडला घरी बिअर बनवू लागल्यापासून हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची) ओढ इतकी वाढली आहे की आता साधी लागर बिअर पाणचट वाटते. मात्र कॅस्केड या हॉप्सच्या जातीचे प्रमाण वाढवले की पपनसाच्या सालीचा सुगंध मागे पडून घशाशी नुसता कडूपणा उरतो. काय करावे?

उत्तर : हॉप्समधील अल्फा आम्ले उकळताना रूप बदलून कडवट होतात आणि सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात, म्हणून बहुतांश हॉप्स आच बंद करून, द्रव ८० अंश सेल्सियसच्या आसपास आल्यावर घालावेत.

दुसरे उत्तर : सहमत. आंबवण संपत आल्यावरही थोडे हॉप्स घाला आणि बाटल्या भरताना हवा शिरू देऊ नका, कारण प्राणवायूने सुगंध फार लवकर मरतो. पुढे सिट्रा या जातीकडे वळलात (वळालच!), तर तिची अल्फा आम्ले कॅस्केडच्या जवळपास दुप्पट असतात, हे ध्यानात ठेवावे.