हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या क्ष-किरण विवर्तन आलेखात ११.७ अंशांवरचे शिखर कशाचे?

प्रश्न
कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट थेंबाथेंबाने घालून, कॅल्शियम-फॉस्फरस प्रमाण १.६७ ठेवून मी हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडांतल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचा) अवक्षेप तयार केला. अमोनियाने सामू सुरुवातीला १० केला होता, पण रात्रभर ठेवल्यावर तो ५ च्या आसपास उतरला. क्ष-किरण विवर्तनात २६ आणि ३२ अंशांजवळ रुंद शिखरे दिसतात, मात्र ११.७ अंशांवर एक अणकुचीदार शिखरही आहे. रासायनिक विश्लेषणात कॅल्शियम-फॉस्फरस प्रमाण १.५८ आले. याला कॅल्शियम-न्यून ॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम कमी पडलेले ॲपेटाइट, म्हणता येईल का?

उत्तर १
तांब्याच्या के-अल्फा किरणांनी मोजले असेल, तर ११.७ अंशांचे शिखर ब्रशाइटचे, म्हणजे स्फटिकात पाणी असलेल्या दुसऱ्या एका कॅल्शियम फॉस्फेटचे आहे. ॲपेटाइट तयार होताना हायड्रॉक्सिल आयन खर्च होतात, त्यामुळे अमोनिया एकदाच घालून भागत नाही. सामू खाली आला की उरलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट ब्रशाइट म्हणून बाहेर पडते. फॉस्फेट घालताना आणि नंतर अवक्षेप मुरत असतानाही सामू १० च्या खाली जाऊ देऊ नका.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरी गफलत १.५८ या आकड्यात आहे. रासायनिक विश्लेषण संपूर्ण भुकटीची सरासरी सांगते. ब्रशाइटमध्ये हे प्रमाण १ असल्याने शुद्ध ॲपेटाइटमध्ये थोडे ब्रशाइट मिसळले तरी आकडा तेवढाच खाली येतो, म्हणून एवढ्यावरून कॅल्शियम-न्यून असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

प्रश्नकर्ता
कॅल्शियम-न्यून ॲपेटाइट तापवल्यावर बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट देते. मग ९०० अंश सेल्सिअसला तापवून बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट येते का, हे पाहिले तर उलगडा होईल का?

उत्तर २
या नमुन्यावर नाही. ब्रशाइट तापवल्यावर आधी पाणी सोडते, मग त्याचे पायरोफॉस्फेट होते आणि तेही ॲपेटाइटशी अभिक्रिया करून ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच देते. म्हणजे ३१ अंशांवर त्याचे शिखर आले तरी ते ब्रशाइटमुळे आले की कॅल्शियम-न्यून ॲपेटाइटमुळे, हे कळणार नाही. आधी सामू राखून नवा अवक्षेप करा, ११.७ चे शिखर गेल्याची खात्री करा आणि मगच भट्टीत ठेवा. अवरक्त वर्णपटात ३५७० आणि ६३० प्रति सेंटीमीटरच्या हायड्रॉक्सिल पट्ट्याही तपासा. १४२० ते १४५० दरम्यान कार्बोनेटचे पट्टे असतील तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला आहे, तेव्हा पाणी उकळून घेतलेले बरे. स्फटिकांचा आकार शेररच्या सूत्राने (शिखराच्या रुंदीवरून) काढायचा असेल, तर २५.९ अंशांचे शिखर घ्या, कारण ३२ जवळची तिन्ही शिखरे एकमेकांत मिसळून गेलेली असतात.