बाहेर माणसं थांबलेली असताना सेट पूर्ण करायचा का?

बेसलाइन: काल आम्ही चौघं टेनिस कोर्टाच्या दाराशी पाऊण तास उभे होतो. आत दोघांचं सिंगल्स चाललेलं. त्यांची वेळ संपल्यावर विचारलं, तर म्हणाले, "एवढा सेट होऊ द्या." दोघांचे ५-५ गेम झाले होते. तो सेट संपेपर्यंत अंधार पडला आणि आम्ही न खेळताच परतलो. माझं मत स्पष्ट आहे: बाहेर कोणी थांबलं असेल तर स्कोअर नाही, घड्याळ बघायचं. सेट कधी वीस मिनिटांत आटोपतो, कधी तासभर रेंगाळतो. २०१० साली विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला होता! 'सेट संपेपर्यंत' हे वेळेचं मापच नाही.

ड्रॉपशॉट: अजिबात पटलं नाही. विम्बल्डनच्या पाचव्या सेटला तेव्हा टायब्रेक (बरोबरी झाली की सेटचा निकाल लावणारा एकच शेवटचा गेम) नव्हता, म्हणून तो तेवढा लांबला. आपण सगळे ६-६ ला टायब्रेक खेळतो. ५-५ वर उठवणं म्हणजे तासाभराची मेहनत वाया घालवणं. आणि बाहेरच्या कुंपणाला टेकून दर पॉइंटनंतर घड्याळ दाखवत राहणं, हे कुठलं सौजन्य? सर्व्हिस करणाऱ्याचं लक्ष उडतं त्याने.

शेजारचं कोर्ट: वेळेवरून भांडा खुशाल, पण मला जास्त त्रास होतो तो रॅली चालू असताना कोर्टाच्या मागच्या रेषेमागून चालत जाणाऱ्यांचा. पॉइंट संपेपर्यंत कडेला थांबायला असे किती सेकंद लागतात? चेंडूचंही तेच. दुसऱ्या कोर्टावरचा चेंडू मध्ये आला तर तिथल्या तिथे 'लेट' म्हणा आणि पॉइंट पुन्हा खेळा. आधी फटका मारायचा, तो जाळीत गेला की मग 'लेट' आठवायचा, हे चालणार नाही. परत देतानाही समोरच्याचं लक्ष आहे ना ते बघून हळू टाका. माझ्या मुलीच्या घोट्याला असाच मागून जोरात मारलेला चेंडू लागला होता. म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

बेसलाइन: शेजारचं कोर्ट, शंभर टक्के मान्य. ड्रॉपशॉट, ५-५ वर थांबणं जिवावर येतं, हे मलाही कळतं. पण रांग आहे हे त्या दोघांना तो सेट सुरू करतानाच दिसत होतं. तेव्हाच छोटा सेट ठरवता आला असता. चार गेमचा, ४-४ ला टायब्रेक. नियमांच्या पुस्तकात तो पर्याय आहेच. ड्यूसला, म्हणजे ४०-४० झाल्यावर, एकाच पॉइंटवर गेम संपवायचीही सोय आहे. तेवढंही जमत नसेल तर सरळ दहा पॉइंटचा टायब्रेक खेळा. दोघांच्या सेटसाठी चौघांनी घरी जायचं, हे मला अजूनही अन्यायाचंच वाटतं.

ड्रॉपशॉट: छोटा सेट मान्य. चौघं आहात म्हणून तुमचा हक्क जास्त, हे मात्र मान्य नाही. आधी आलेल्याचा नंबर आधी. आणि वेळ संपल्यावर नका सांगू, दहा मिनिटं आधी बाजू बदलताना सांगा. तेव्हा आम्ही पाणी प्यायला थांबलेलोच असतो.