ब्रेकच्या आधी काय झालं?

उतरताना धावपट्टीबाहेर गेलेल्या विमानाबद्दल एक अंदाज असा, की एका बाजूचा ब्रेक जास्त दाबला गेला असावा. तो अशक्य नाही. पण मला त्याआधीचे काही सेकंद जास्त महत्त्वाचे वाटतात.

बाजूचा वारा असताना वाऱ्याकडे वळवलेलं नाक धावपट्टीच्या रेषेत येण्याआधीच चाकं टेकली, तर टायरवर आडवा ताण येऊन विमान झटक्यात वळतं. घाबरून नाक खाली दाबलं तर आणखी वाईट: भार पुढच्या चाकावर जातो, मागची मुख्य चाकं हलकी होतात आणि विमान पुढच्या चाकाभोवती फिरू लागतं. शिवाय 'टेकलं म्हणजे उतरलं' असं समजून शिकाऊ वैमानिक कंट्रोल सैल सोडतात. वेग उतरतो तसा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) आणि एलेरॉनचा (पंखांच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) जोर कमी होतो, म्हणून एलेरॉन सैल सोडण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यावा लागतो.

शेपटीला चाक असलेल्या विमानात तर गुरुत्वमध्य (वजनाचा मध्यबिंदू) मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे सुरू झालेलं वळण आपोआप वाढतच जातं.

सेसना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पुस्तिकेतला १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) हा आकडा चाचणीत दाखवलेल्या आडव्या वाऱ्याचा आहे, शिकाऊ हातांसाठी तो फार आहे. आणि प्रशिक्षकांना कळकळीची विनंती, पाय रडरच्या पॅडलजवळच ठेवा. विमान भरकटल्यावर उशिरा थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलला तर बहुतेक सिंगल इंजिन विमानं आणखी डावीकडे ओढली जातात, तेव्हा उजवा रडर लगेच लागतो.